टाकळीचा दगड, लिंगोचे गाणे आणि बोरीचा ओढा

दिग्रसहून पूर्वेला, घाटंजी आणि केळापूरच्या दिशेने निघाले की मुख्य गावांपासून जरा बाजूला, टेकडीच्या कुशीत, कोलामांचे पोड लागतात. या पोडांवर बोलली जाणारी कोलामी ही मराठीची बोली नाही. तिचे नाते तेलुगू, गोंडी यांच्या द्राविडी कुळाशी आहे. तिची स्वतःची लिपी नाही. मग तिचे शब्द कागदावर पहिल्यांदा कोणी आणि कधी उतरवले?

अशा अगदी सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक १८६६ सालची आहे. मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींविषयीच्या एका इंग्रजी ग्रंथात अनेक भाषांतल्या शब्दांचे तक्ते शेजारीशेजारी मांडलेले आहेत : गोंडी, माडिया, नायकुडे, कैकाडी, कोरकू आणि त्यांच्यातच कोलामी. ग्रंथावर लेखक म्हणून ज्याचे नाव आहे, तो ग्रंथ छापला गेला तेव्हा हयात नव्हता. तीन वर्षांपूर्वी, भाद्रपदाच्या आसपासच्या पुरात, नागपूरच्या दक्षिणेला एका ओढ्यात तो बुडून मेला होता.

त्याचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे विदर्भात हे नाव रोज हजारोंच्या तोंडी असते. पण कॉलेजचे नाव उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा माणूस ठाऊक असतो. हा धागा त्याच्याविषयी आहे.

हिस्लॉप प्रेसबिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक होता. हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, म्हणून आधी थोडे त्याविषयी. ‘प्रेसबिटर’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा. या पंथात वरून नेमलेला बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडीलधारे आणि धर्मोपदेशक एकत्र बसून कारभार चालवतात. गावच्या पंचायतीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकात रुजली आणि तेथून स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. तेथे फ्रान्सिस मॅकेमी या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १७०६ साली फिलाडेल्फियात पहिली प्रेसबिटरी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गव्हर्नराने परवान्याविना प्रवचन केल्याबद्दल त्याला तुरुंगात टाकले. खटल्यात तो निर्दोष सुटला, तरी खटल्याचा खर्च मात्र त्याच्याच माथी मारण्यात आला! पुढे विल्यम टेनंट नावाच्या दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने पेनसिल्व्हेनियात लाकडी ओंडक्यांच्या खोपटात शाळा काढली. तिच्या परंपरेतूनच पुढे प्रिन्स्टनचे महाविद्यालय उभे राहिले.

या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सत्तेपुढे मान न तुकवण्याचा हट्ट आणि जिथे जाईल तिथे आधी शाळा काढण्याची सवय, ही या पंथाच्या उपदेशकांची दोन लक्षणे होती. हिस्लॉपच्या आयुष्यात दोन्ही आहेत. पहिल्याची मात्र त्याच्या वाट्याला आलेली कसोटी मॅकेमीच्या कसोटीपेक्षा फार गुंतागुंतीची होती, कारण मॅकेमी परक्या राज्यात सत्ताधाऱ्यांचा भाईबंद म्हणून आलेला नव्हता.

हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या डन्स या लहान गावात झाला. त्याचा थोरला भाऊ अलेक्झांडर हाही धर्मोपदेशक. रोमन कॅथलिक पंथ म्हणजे जुन्या बाबिलोनी मूर्तिपूजेचेच रूप, असे सांगणारे एक जहाल पुस्तक त्याने लिहिले आणि ते आजही काही वर्तुळांत वाचले जाते. एकाच घरात वाढलेल्या दोघा भावांपैकी एकाने पुराव्याला आपल्या मतामागे फरफटत नेले आणि दुसऱ्याने पुरावा जिथे नेईल तिथे जायचे शिकून घेतले. स्टीफनला लहानपणापासून किडे, दगड, वनस्पती गोळा करण्याचा नाद होता. एडिंबरो आणि ग्लासगो येथे त्याचे शिक्षण झाले.

तो धर्मशास्त्र शिकत असतानाच १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावच्या चर्चवर उपदेशक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, हा वादाचा मुद्दा. साडेचारशेहून अधिक उपदेशकांनी आपली घरे, वेतने, चर्चच्या इमारती सोडल्या आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केले. त्यांचे नेते टॉमस चामर्स. चामर्स यांचे एक मत येथे सांगण्याजोगे आहे : पृथ्वीचे वय सहा हजार वर्षांहून कितीतरी अधिक असू शकते आणि त्याने बायबलला धक्का लागत नाही, असे ते फुटीच्या कितीतरी आधीपासून सांगत आले होते. हिस्लॉप याच फ्री चर्चचा झाला. नागपूरच्या मातीत तो पुढे निःशंक मनाने दगड फोडत बसला, त्याची परवानगी त्याला अशी धर्मपीठाकडूनच मिळालेली होती.

नागपूर मिशनची कल्पना मुळात एका लष्करी अधिकाऱ्याची. कामठीच्या छावणीतले मद्रास सैन्याचे अधिकारी विल्यम हिल यांनी पत्नीच्या निधनानंतर या भागात मिशन सुरू व्हावे म्हणून रक्कम देऊ केली होती. त्याआधी गोंडांमध्ये काम करण्यासाठी अमरकंटकाच्या बाजूला आलेल्या जर्मन मिशनऱ्यांच्या तुकडीतले बहुतेक जण कॉलऱ्याने दगावले होते. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांच्या प्रयत्नाने नवे मिशन फ्री चर्चकडे आले आणि १८४४ च्या डिसेंबरात नवविवाहित हिस्लॉप पत्नी इरास्मासह मुंबईत उतरला. १८४५ च्या फेब्रुवारीत तो नागपूरला पोहोचला. रेल्वे नागपुरात यायला अजून बावीस वर्षे होती.

नागपूर तेव्हा इंग्रजी मुलूख नव्हता. गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. सीताबर्डीच्या बाजूला इंग्रज रेसिडेंट आणि नऊ-दहा मैलांवर कामठीला इंग्रजी फौज, असा कारभार होता. वर्धा नदीपलीकडे दिग्रससह सारा वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे होता. तो १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. म्हणजे हिस्लॉप आला तेव्हा आजच्या विदर्भात दोन देशी राज्ये होती आणि दोन्हींच्या डोक्यावर इंग्रजांची सावली होती.

१८४६ साली त्याने नागपूर शहरात मुलांसाठी शाळा उघडली. तो मराठी शिकला. शाळेत इंग्रजी, गणित, भूगोल शिकवला जाई, आणि बायबलही. यात लपवाछपवी नव्हती. मुलांनी ख्रिस्ती व्हावे हीच त्याची इच्छा होती आणि तो ती बोलून दाखवीत असे. पालकांनाही हे कळत होते. तरी ते मुलांना पाठवीत, कारण इंग्रजी शिक्षण देणारी दुसरी सोय जवळपास नव्हती. एका बाजूला गरज आणि दुसऱ्या बाजूला भीती, अशा दोरीवर ही शाळा चालत होती.

ही दोरी एकदा ताणली गेली. एक ब्राह्मण तरुण बाप्तिस्मा घेण्याच्या इच्छेने मिशनच्या आश्रयाला आला. राजाच्या सरकारने त्याची मागणी केली. कंपनी आणि भोसले यांच्यातल्या करारांचा आधार घेऊन रेसिडेंटने त्याला राजाच्या स्वाधीन केले आणि त्या तरुणाला कैद घडली. मिशनऱ्यांनी निषेध केला, वरपर्यंत पत्रे लिहिली. आजच्या वाचकाला या प्रसंगात कोणाची बाजू घ्यावी असा प्रश्न पडेल, आणि पडावा. राजाला आपल्या प्रजेचा धर्म राखायचा होता. रेसिडेंटला राजाशी सख्य राखायचे होते. मिशनऱ्याला आपले तत्त्व राखायचे होते. त्या तरुणाला स्वतःला काय हवे होते, ते मात्र सर्वांच्या पत्रव्यवहारात सगळ्यात शेवटी येते.

१८४७ साली हिस्लॉपच्या मदतीला रॉबर्ट हंटर हा तरुण सहकारी आला. तोही निसर्गाचा नादी. दोघांची जोडी जमली आणि येथून या कथेचा रंग पालटतो.

नागपूर शहर एका सीमेवर बसले आहे. त्याच्या पश्चिमेला दख्खनच्या काळ्या खडकाचा, बेसाल्टचा, पसारा सुरू होतो. तोच पुढे वर्धा ओलांडून यवतमाळ, दिग्रस, पुसद असा थेट सह्याद्रीपर्यंत जातो. कापसाची काळी जमीन ही याच खडकाची झीज. नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र या लाव्ह्याच्या खालचे, त्याहून कितीतरी जुने थर उघडे पडलेले आहेत : वाळूचे खडक, मृदेचे खडक, कोळसा. हिस्लॉप ज्या घरात राहत होता तेथून संध्याकाळी फिरायला निघाले तरी पायाखाली कोट्यवधी वर्षांचे अंतर तुडवले जात असे.

१८५१ साली शहराजवळच्या टाकळी गावाच्या माळावर या दोघांना लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधोमध गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे दगड झालेले शिंपले सापडले. मग ते पुन्हा पुन्हा तेथे गेले. फळे, बिया, लाकडाचे तुकडे, किड्यांच्या पंखांची कवचे, सारे काही दगडात. याचा अर्थ सोपा पण थरारक होता. लाव्ह्याचा एक लोट येऊन थंड झाला, मग बराच काळ शांततेत गेला. त्या काळात तळी साचली, झाडे उगवली, गोगलगायी जगल्या, किडे उडाले. नंतर दुसरा लोट आला आणि त्याने सगळे झाकून टाकले. ज्याला आपण दख्खनचा पठारी खडक म्हणून एकसंध समजतो, तो असा थांबून थांबून घडला आहे. भूशास्त्रज्ञ या मधल्या थरांना ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात. दिग्रसच्या परिसरात विहीर खणताना काळ्या कातळात मधूनच वेगळ्या रंगाचा मऊ पट्टा लागला, तर तोही दोन लोटांमधल्या उसंतीची खूण असू शकतो.

हिस्लॉपने या थरांचे वय ठरवले ते आज मान्य नाही. त्याला ते डायनोसॉरांच्या नंतरच्या, इओसीन काळातले वाटले. आज हे उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉरांच्या अखेरीच्या उंबरठ्यावरचे मानले जातात. त्याच्या काळात किरणोत्सारावरून वय मोजण्याची सोय नव्हती. शिंपल्यांची शिंपल्यांशी तुलना करून जेवढे सांगता येईल तेवढे त्याने सांगितले.

पण टाकळीपेक्षाही मोठी गोष्ट नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे मिळाली. तेथल्या जुन्या थरांतून एका रुंद, चपट्या कवटीचा जीवाश्म हाती लागला. तो लंडनला गेला. तेथे ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्याने घडवला त्या रिचर्ड ओवेनने १८५५ साली त्याचे वर्णन केले आणि ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. मगरीची आठवण करून देणारा, पाण्यात आणि काठावर राहणारा, डायनोसॉरांच्याही आधीच्या युगाच्या आसपासचा हा उभयचर प्राणी. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा प्रदीर्घ निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात आला. पुढे नागपूरच्या वनस्पतींचे जीवाश्म चार्ल्स बनबरीने अभ्यासले, किड्यांचे अँड्र्यू मरेने. एका हिरवट कॅल्साइटी खनिजाला ‘हिस्लॉपाइट’ नाव मिळाले. गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका इवल्याशा प्राण्याला मुंबईच्या एच. जे. कार्टर यांनी १८५८ साली ‘हिस्लॉपिया’ म्हटले. पूर्ण वेळ शाळा आणि प्रवचने सांभाळून हे सारे चालले होते. हंटर १८५५ साली प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतला, तेव्हा भार एकट्यावर आला.

मधल्या काळात नागपूरचे राज्यच नाहीसे झाले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ साली राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात निघाले. नागपूरकरांच्या मनात हा लिलाव राज्य गेल्यापेक्षाही खोल रुतला. आता हिस्लॉप परक्या राज्यातला पाहुणा राहिला नाही. तो राज्यकर्त्यांच्या मुलखातला राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस झाला, त्याला तसे व्हायचे असो वा नसो.

मग १८५७ आले. नागपूरच्या अनियमित घोडदळाची छावणी होती टाकळीला. होय, त्याच टाकळीला. ज्या माळावर सहा वर्षांपूर्वी दोन पाद्री गुडघे टेकून शिंपले वेचत होते, तेथेच आता उठावाची मसलत शिजत होती. १३ जूनच्या रात्री शहरातून आकाशात दिव्यांचे फुगे सुटले की उठायचे, असा बेत होता. बातमी एकाहून अधिक वाटांनी फुटली. त्यांपैकी एक वाट हिस्लॉपच्या घरावरून गेली. त्याच्या परिचयाच्या एका मुस्लिम गृहस्थाने त्याला आधी सावध केले आणि त्याने ती सूचना अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली. युरोपीय मंडळी सीताबर्डीच्या टेकडीवर गेली, तोफा वळवल्या गेल्या, घोडदळ निःशस्त्र झाले. पुढे काहींना फाशी झाली.

हिस्लॉपच्या चरित्रकारांनी हा प्रसंग कौतुकाने सांगितला आहे. तो एवढ्या सरळ कौतुकाचा नाही. त्याच्या जागी कोणीही आपली बायकामुले वाचवण्यासाठी हेच केले असते. पण फाशी गेलेल्यांकडे पाहिले की त्याने पोहोचवलेल्या त्या निरोपाची दुसरी बाजूही दिसते. आणि ज्याने सावध केले त्या मित्राचे काय? आपल्या माणसांच्या आणि आपल्या मित्राच्या मध्ये उभे राहून त्याने निवड केली. त्या रात्रीच्या इतिहासात सर्वांत अवघड जागी उभा असलेला माणूस तोच होता.

आता गाण्याकडे.

नागपूरच्या भोवतीच्या जंगलांत गोंड राहत. नागपूर शहर मुळात वसवले तेच देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोंडांची भाषा, त्यांची कुळे, त्यांचे देव यांविषयी छापलेले फार थोडे होते. हिवाळ्यात हिस्लॉप गावोगाव दौरे काढी. धर्मप्रसार हा हेतू होताच, पण वहीही बरोबर असे. कोण कोणाशी लग्न करतो, कोण कोणाच्या हातचे खातो, पाण्याला काय म्हणतात, विस्तवाला काय म्हणतात, हे तो टिपून घेई. विस्तवाला गोंडीत ‘किस’ म्हणतात आणि कोलामीतही ‘किस’. पाणी गोंडीत ‘येर’ आणि कोलामीत ‘ईर’. असे दोन-चार शब्द शेजारी ठेवले की दोन भाषांचे रक्ताचे नाते डोळ्यांसमोर उभे राहते. तक्त्यांची किमया हीच. गोंडांच्या साडेबारा जाती त्याने नोंदवल्या आणि त्यांत कोलामांना एक जात म्हणून बसवले. आज कोलाम स्वतःला वेगळी जमात मानतात आणि शासनही तसेच मानते. ‘गोंड’ हा शब्द डोंगर या अर्थाच्या तेलुगू ‘कोंडा’पासून आला असावा, असा त्याचा तर्क होता. गोंड स्वतःला ‘कोइतूर’ म्हणतात, हेही त्याने लिहून ठेवले.

या वहीतला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे लिंगोचे गाणे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि कुळकथा जपणारे. यवतमाळ जिल्ह्यात आजही परधानांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या किंगरीचा सूर जुन्या माणसांच्या कानात आहे. अशाच एका परधानाच्या तोंडून हिस्लॉपने जवळजवळ हजार ओळींचे गोंडी गाणे रोमन अक्षरांत उतरवून घेतले.

गोष्ट अशी. गोंड जन्माला आले आणि महादेवाने त्यांना गुहेत कोंडून दाराशी शिळा लावली. चौघे भाऊ निसटले आणि काचीकोपा लोहागड नावाच्या रानात राहू लागले. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना भेटला. त्याने त्यांना शेत कसायला, विस्तव आणायला शिकवले, आणि त्यांची लग्ने लावून दिली. भावांच्या बायकांनी लिंगोवर आळ घेतला आणि ज्यांचे त्याने भले केले त्याच चौघांनी त्याला ठार मारले. देवाने अमृत शिंपडून त्याला उठवले. उठल्यावर सूड घ्यायचा सोडून लिंगो गुहेत कोंडलेल्या बाकीच्या गोंडांना सोडवायला निघाला! महादेवाने घातलेली अवघड अट त्याने पुरी केली, शिळा हटली, गोंड बाहेर आले, आणि लिंगोने त्यांना कुळे वाटून दिली, देव वाटून दिले.

मारला गेलेला, पुन्हा उठलेला आणि आपल्या माणसांना सोडवणारा नायक. हे गाणे ऐकताना त्या ख्रिस्ती उपदेशकाच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करण्याचा मोह होतो. पण त्याने गाण्याला आपल्या धर्माच्या साच्यात घातले नाही. ते गोंडीत होते तसे उतरवले. धर्मांतर करायला आलेल्या माणसाने ज्यांचा धर्म बदलायचा त्यांचेच धर्मगीत जपून ठेवावे, ही विसंगती त्याला जाणवली असो वा नसो, तिच्यावाचून हा मजकूर आपल्यापर्यंत आला नसता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गाणारा परधान त्या ग्रंथात केवळ ‘एक परधान’ आहे. संकलक आणि संपादक दोघांची नावे मुखपृष्ठावर, आणि ज्याच्या स्मरणात हजार ओळी होत्या त्याला नाव नाही. शिवाय छापलेल्या पाठात महादेव, पार्वती, भगवान यांची एवढी वर्दळ आहे की गोंडांच्या मूळ परंपरेवर नंतर चढलेला हा थर आहे, असे म्हणणारे अभ्यासक पुढे गोंड समाजातूनच निघाले. नागपूरचे मोतीरावण कंगाली हे त्यांतले एक ठळक नाव. त्यांनी पारी कुपार लिंगोची गोंडी धर्मपरंपरेच्या अंगाने नवी मांडणी केली. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेत, माघ पौर्णिमेच्या सुमारास, आज लाखो कोइतूर जमतात. गाण्यातला काचीकोपा लोहागड तो हाच, अशी त्यांची श्रद्धा आहे.

हिस्लॉपला हे गाणे छापलेले पाहायला मिळाले नाही.

१८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल हा धडाडीचा अधिकारी त्याचा प्रमुख म्हणून आला. त्याला प्रदेश समजून घ्यायचा होता आणि प्रदेश समजलेला माणूस हिस्लॉपच होता. दोघांचे सूत जुळले. १८६३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला ते टाकळघाटला गेले. हे टाकळघाट म्हणजे मघाचे टाकळी नव्हे. ते नागपूरच्या दक्षिणेला, बोरीजवळ, आजच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीलगत आहे. तेथे मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. विदर्भात अशी शिलावर्तुळे शेकड्यांनी आहेत. लोहयुगातल्या माणसांची ती दफनस्थळे. मृतांबरोबर लोखंडी हत्यारे, मडकी, कधी घोड्याचा साजही पुरलेला सापडतो. त्या दिवशी त्यांनी तेथे खोदून पाहिले.

काम आटोपल्यावर टेंपल पुढे निघाला. हिस्लॉप मागे थांबला, कारण गावातल्या शाळेची तपासणी करायची होती. शाळा पाहिल्यावाचून गावातून निघणे त्याच्या स्वभावात नव्हते. दिवस पावसाळ्याचे. त्याला निघायला उशीर झाला, वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलेले होते. घोड्यावरून ओढा ओलांडताना तो बुडाला. ४ सप्टेंबर १८६३. चार दिवसांनी त्याला शेहेचाळिसावे वर्ष पुरे झाले असते.

विदर्भातल्या पावसाळी ओढ्यांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सकाळी घोट्याएवढे पाणी आणि संध्याकाळी पुरुषभर. अरुणावतीच्या काठी राहणाऱ्या दिग्रसकरांना तर हे वेगळे सांगायला नको.

त्याच्या पश्चात टेंपलने त्याचे अपुरे राहिलेले कागद गोळा केले, टिपा जोडल्या आणि १८६६ साली ग्रंथ छापला. त्यात लिंगोचे गाणे मूळ गोंडीत आणि इंग्रजी अर्थासह आले. काही वर्षांनी जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने मध्य भारतातल्या डोंगरी मुलखावरच्या आपल्या पुस्तकात ते लाँगफेलोच्या एका गाजलेल्या काव्याच्या चालीवर इंग्रजी पद्यात बसवले. गोंडांचा लिंगो असा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथानायकाच्या छंदात इंग्लंडला पोहोचला! मूळ गोंडी ओळींची लय त्यात उरली नाही, हे सांगायला नकोच.

हंटरने मायदेशी एक अवाढव्य विश्वकोशात्मक शब्दकोश संपादित केला. १८६३ सालीच नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. हिस्लॉपच्या शाळेच्या पायावर १८८३ साली कॉलेज उभे राहिले आणि त्याला त्याचे नाव दिले गेले. टेनंटच्या ओंडक्यांच्या खोपटासारखेच हेही घडले. टाकळघाटला १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. कोलामीचे पहिले सविस्तर व्याकरण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. त्यासाठीची सामग्री त्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांकडून मिळवली होती.

मांगलीची ती चपटी कवटी लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. टाकळीचा माळ आता नागपूर शहराच्या पोटात गेला आहे. तेथे घरे आहेत, रस्ते आहेत, आणि एखाद्या इमारतीचा पाया खणताना निघालेल्या पांढुरक्या दगडात कधी कधी अजूनही एखादी गोगलगाय सापडते.